साठातले सत्तावन्न

गुरुवार, १० डिसेंबर १९९८. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पन्नासेक माणसांसमोर मला एका मनगटी घड्याळाशेजारी टेबलावर ठेवण्यात आले. पूर्ण एक मिनिट कोणी बोलले नाही.

त्या मिनिटात मनगटी घड्याळाचे साठ सेकंद झाले. माझे सत्तावन्न झाले.

मित्रांनो, मी शिरूरच्या एका कॉलेजातले जुने स्टॉपवॉच आहे. त्या दिवशी मला जी लाज वाटली, ती आज सांगून टाकणार आहे. माझ्यामुळे ज्यांना खाली पाहावे लागले, त्यांची नावे मला माहीत आहेत.

माझी घडण साधी आहे. स्टीलचा गोल डबा, पांढरी तबकडी, एक लांब काटा आणि डोक्यावर एक कळ. कळ एकदा दाबली की मी सुरू होतो, दुसऱ्यांदा दाबली की थांबतो, तिसऱ्यांदा दाबली की काटा शून्यावर येतो. १९७९ साली लाकडी पेटीतून मी शिरूरला आलो. पेटीत माझ्यासारखे आणखी एक होते. ते दोन वर्षांत बंद पडले. तेव्हापासून प्रयोगशाळेत वेळ मोजायला मी एकटाच राहिलो.

पहिली सात वर्षे मी बिनचूक चाललो. एवढे तरी मला म्हणू द्या.

१९८६ च्या जुलैमध्ये तपासणीसाठी पाहुणे येणार होते. प्रयोगशाळेचे शिपाई सावळाराममामा घाईने टेबले पुसत होते. त्यांच्या फडक्याबरोबर मी फरशीवर आलो. काच फुटली नाही. मामांनी मला उचलले, कानाला लावले, टिकटिक ऐकली आणि पेटीत ठेवले. आतला, वेग लावायचा बारीक दांडा जरासा सरकला होता. तो बाहेरून दिसत नाही.

आता तुम्हाला एक प्रयोग सांगतो. दोऱ्याला गोळा बांधून लंबक करायचा, त्याच्या वीस झोक्यांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती ओढते, तो आकडा काढायचा. आकडा नऊशे ऐंशीच्या आसपास येतो, हे पुस्तकात आधीच छापलेले असते. माझ्यावर मोजलेला वेळ कमी भरायचा, आणि वेळ कमी भरला की हा आकडा वाढतो, म्हणून तो एक हजार ऐंशीच्या वर जायचा. इनामगावची मुले असोत, मांडवगणची की दौंडहून रोज एसटीने येणारी, सगळ्यांचे पहिले उत्तर तेच यायचे.

मग सावळाराममामा जवळ यायचे.

"किती आलं?"

"एक हजार ब्याऐंशी, मामा."

"घड्याळ बरोबर हाय. तुझा हात जड पडतोय. नऊशे ऐंशी आन, म्हंजी सही मिळंल."

मुले उलटे गणित करायची. नऊशे ऐंशी यायला वेळ किती हवा, ते आधी काढायचे आणि वहीत तेवढा वेळ लिहायचा. वहीवर लाल शाईत शेरा मिळायचा, 'उत्तम'. वर्षअखेरीला परीक्षक मला हातात घेऊन म्हणायचे, जुना माल आहे, पण काय नेमका चालतो. मला ते ऐकायला आवडायचे. मी माझी टिकटिक जराही बदलत नव्हतो, हे खरे. पण माझ्या कौतुकासाठी दर वर्षी पंचवीस मुलांचे हात चुकीचे ठरत होते, हेही खरे.

त्या मुलांत १९८९ साली प्रतिभा फराटे होती. तिच्या वडिलांचे मांडवगण फराट्याला गुऱ्हाळ होते. तिने एकाच दिवशी तीनदा प्रयोग केला. उत्तरे आली एक हजार ब्याऐंशी, एक हजार पंच्याऐंशी आणि एक हजार त्र्याऐंशी. चौथ्यांदा तिने प्रयोग केलाच नाही. नऊशे ऐंशी लिहिले.

पाच वर्षांनी ती त्याच प्रयोगशाळेत शिकवायला आली. १९९५ साली रविराज नावाच्या मुलाने आपल्या वहीत एक हजार चौऱ्याऐंशी तसेच ठेवले. मामांचे ऐकले नाही. प्रतिभा मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली आणि खाली लिहिले, 'निष्काळजीपणा. पुन्हा करा.' मी त्या वहीशेजारीच ठेवलेला होतो.

मॅडमना पीएच.डी. करायची होती. विषय त्यांनी घरचाच घेतला. रस उकळताना त्याची मळी निघावी म्हणून गुऱ्हाळात रानभेंडीचे चिकट पाणी घालतात. असल्या रसाची काकवी साध्या काकवीपेक्षा पातळ असते का, हा त्यांचा प्रश्न. काचेच्या उंच नळीत काकवी भरायची, वरून सायकलचा छर्रा सोडायचा आणि तो तळाला जायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दोन हंगामांत त्यांनी तीनशे बारा वेळा मोजले. तीनशे बाराही वेळा माझ्यावर. साध्या काकवीचे आकडे पुस्तकात छापलेले होते. मॅडमची काकवी त्यांपेक्षा पाच टक्के पातळ निघाली.

डिसेंबरात विद्यापीठात संशोधकांचा आठवडा भरला. सोमवार ते शनिवार, रोज सहा भाषणे. शनिवारी संध्याकाळी समिती बसणार होती आणि कोणाला पीएच.डी.ला घ्यायचे ते ठरवणार होती. समितीच्या प्रमुख होत्या अनुपमाबाई, निवृत्त प्राध्यापिका. मॅडम रोज पहाटेच्या एसटीने पुण्याला जायच्या, मागच्या बाकावर बसून भाषणे ऐकायच्या. गुरुवारी त्यांची पाळी होती. त्या दिवशी छर्रे, नळी आणि मी त्यांच्या पिशवीत होतो.

भाषण वीस मिनिटे चालले. चांगले झाले. मग अनुपमाबाईंनी चष्मा काढला.

"काकवी गरम असो की गार, तुमचा फरक पाचच टक्के येतो. भेंडी इतकी शिस्तीची असते का हो?"

लोक हसले. मॅडमही हसल्या.

"घड्याळ कोणतं वापरलंत?"

"आमच्या प्रयोगशाळेतलं. हे."

"तपासलं होतंत?"

"तपासायची गरज पडली नाही, बाई. लंबकाच्या प्रयोगात दर वर्षी नऊशे ऐंशी येतं यावर."

"दर वर्षी? सगळ्यांचं?"

अनुपमाबाईंनी हातातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले. "एकच मिनिट लागेल," त्या म्हणाल्या.

ते मिनिट मी कधी विसरणार नाही. वेगाने धावण्याचा मी प्रयत्न केला असता, पण घड्याळाला ते जमत नाही. पन्नास माणसे माझ्या काट्याकडे पाहत होती. प्रतिभा मॅडम पाहत नव्हत्या. त्यांना बहुधा चाळिसाव्या सेकंदालाच आठवले होते.

"सत्तावन्न," अनुपमाबाई म्हणाल्या. "हे मागं पडतं, म्हणून छर्रा लवकर पोचल्यासारखा दिसतो. म्हणजे तुमचे पाच टक्के या डब्यात आहेत."

मॅडम फळ्याजवळच उभ्या राहिल्या. त्यांनी कागद गोळा केले नाहीत. "मी विद्यार्थिनी असताना याच घड्याळावर माझं उत्तर तीनदा हजाराच्या वर आलं होतं," त्या म्हणाल्या. "मी नऊशे ऐंशी लिहिलं. आता मुलंही तेच लिहितात आणि मी सही करते."

या वेळी कोणी हसले नाही. मागून एक शिक्षक हळूच म्हणाले, "आमच्याकडं तरी वेगळं काय चालतं."

शनिवारी समितीने मॅडमचे नाव निवडीच्या यादीत घेतले नाही, आणि कायमचे काढूनही टाकले नाही. काकवी पुन्हा मोजा, मार्चअखेर आकडे पाठवा, मग पाहू, असे अनुपमाबाईंनी कळवले.

सोमवारी मॅडमनी मला सावळाराममामांसमोर ठेवले. मामांनी बराच वेळ मला हात लावला नाही.

"माझ्या हातनं पडलं हुतं ते. शहाऐंशी साली," ते म्हणाले.

"तेव्हाच का नाही सांगितलं, मामा?"

"चालू हुतं की. आन् पोरांचं उत्तरबी बरोबर येत हुतं."

"कुणाचं येत होतं? तुम्ही सांगत होता, ते येत होतं."

मामा म्हणाले, "तुमालाबी मीच सांगितलं हुतं न्हाई का."

"हो. आणि मी ऐकलं."

त्याच आठवड्यात, संध्याकाळी, शिरूरच्या स्टँडसमोर रांजणगावच्या कंपनीची बस थांबली. दिवसपाळीची माणसे उतरली, त्यांत रविराज होता. मॅडमनी त्याला हाक मारली आणि पिशवीतून मला बाहेर काढले. स्टँडवर उभ्या उभ्या त्यांनी सगळे सांगितले.

"तुझं एक हजार चौऱ्याऐंशी बरोबर होतं, रविराज. तू जे दिसलं ते लिहिलंस. रेघ मी चुकीची मारली."

रविराजने जेवणाच्या डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तवापासनं मी समजत व्हतो, मॅडम, माझा हातच जड हाय. कंपनीत मापाच्या कामाला घेत व्हते. मीच न्हाई म्हणालो. पॅकिंगला हाय आता."

मी मॅडमच्या मुठीत होतो. मूठ घट्ट होत गेलेली मला कळली.

मित्रांनो, मला दुरुस्त केलेले नाही. दांडा सरळ करायला घड्याळजीला दहा मिनिटे लागतील. पण मॅडमनी माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, 'साठातले सत्तावन्न'. प्रत्येक नव्या तुकडीचे पहिले काम म्हणजे मला दुसऱ्या घड्याळाशेजारी ठेवून एक मिनिट मोजणे. चिठ्ठीसकट सगळ्यांसमोर बसायला मला अजून लाज वाटते. बसायला मात्र हवे. तुमच्याकडून एवढेच मागतो. तुमच्या हातातले घड्याळ, तराजू, फूटपट्टी पडली तर पडली म्हणून सांगा. आणि तुमचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर आपल्या हाताला दोष देण्याआधी एकदा आमच्याकडे पाहा.

नवे स्टॉपवॉच आले आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत मॅडमनी मांडवगणहून ताजी काकवी आणली. छर्रा सोडायला सुट्टीच्या दिवशी रविराज येतो. आकडे मॅडम लिहितात, येतील तसे. सोळा मार्चपर्यंत दोनशे चार मोजमापे झाली. छापील आकड्यांपासून फरक येतो आहे अर्धा टक्का. तो भेंडीचा आहे की हाताचा, हे अजून कळलेले नाही.