श्रावणातले शून्य

मी एक जुनी फुंकणी आहे, मित्रांनो; पण चुलीजवळची नव्हे. गाडीवाल्याने माझ्या नळीत फुंकले, की तो किती प्यायला आहे ते मी आकड्यात सांगते. पोलिसांच्या हाती होते तोवर मी भल्याभल्यांची उतरवली. 'हिच्यापुढे वशिला चालत नाही' हे कौतुक ऐकून मी फुगलेही होते. पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी समुपदेशक आम्रपालीताईंच्या टेबलावर झाली. पिऊन गाडी चालवताना पकडलेली माणसे त्यांच्याकडे पाठवत. याला व्यसन जडले आहे का, हा पुन्हा पिऊन गाडी काढील का, हे ताईंनी विचारपूस करून वर कळवायचे.

हिंजवडीचा पृथ्वीराज आला तो ऐन श्रावणात. जमीन आयटी पार्कात गेलेली, दारात मोठी गाडी, हाताला काम नाही. सोबत आई, आनंदीबाई.

"सकाळी उठल्यावर प्यावीशी वाटते का?" ताईंनी त्याला विचारले.

"न्हाई हो!" उत्तर आईने दिले. "श्रावण पाळतो त्यो. थेंबाला शिवत न्हाई. व्यसनी माणसाला जमंल का हे?"

"मग हात का थरथरतायत यांचे?"

"उपास हाय सोमवारचा."

"अहो, त्यांना बोलू द्या ना."

पृथ्वीराज मान खाली घालून बसला. आईपुढे तो काय बोलणार? त्याने फुंकले आणि मी शून्य दाखवले. ते खरेच होते, पण मला त्याची फार लाज वाटली. आधी उपचार, मगच गाडी, असे ताईंनी कळवले. माझ्या शून्यापुढे त्यांचे कोणी ऐकले नाही. आनंदीबाई तर गावभर सांगत सुटल्या, की मशीननेच पोराला निर्दोष ठरवले.

श्रावण सरला, गणपती उठले आणि पृथ्वीराजचे पिणे पुन्हा सुरू झाले. एका दुपारी तो दुसरीतल्या लेकीला, तनुजाला, शाळेतून आणायला गेला. येताना गाडी उभ्या बसवर आदळली. तो वाचला. तनुजा गेली.

दिवाळीनंतर तो आपणहून आला. सकाळीच प्यायलेला.

"ताई, तेच प्रश्न परत इचारा. आईला भाईर बसवलंय."

ताईंनी विचारले. या वेळी सगळी उत्तरे खरी आली. शेवटी तो म्हणाला, "गाडीत बसताना पोरगी म्हणाली हुती, बाबा, वास येतोय. मी म्हणालो, खोकल्याचं औषध हाय."

 

मित्रांनो, मोठ्या माणसांना सांगून काही होईल, अशी आशा आता मला उरलेली नाही. म्हणून तुम्हा मुलांनाच विनवते. वास आला, तर गाडीत बसू नका. बाबांना वाईट वाटेल, वाटू द्या. रडा, ओरडा, रस्त्यात बसकण मारा, पण बसू नका. तनुजा शहाणी होती. तिने बाबांचे ऐकले.