मिनिटाला बारा गाड्या

मी मोरी बोलतेय, रेल्वेखालची. आधी माझा येडेपणा सांगून टाकते. कालव्याच्या पुलावर कमान बांधायला घेतली, तवा मला आनंद झाला व्हता. का, ते सांगते. मग पोटभर हसा.

चाळिशी उलटलीय माझी. बांधल्याचं साल कपाळावर कोरलंय, त्यामुळं वय चोरता येत न्हाई. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीची मी वाट. मला बांधणाऱ्यांनी वरनं मालगाडी जाईल का, एवढंच पाहिलं. खालनं काय जाईल ते कुणी इचारलंच न्हाई. तवा जायचं तरी काय, दिवसाला चार बैलगाड्या! मग फटफट्या आल्या, टेम्पो आले. कारखाने आले तशा शिफ्टच्या बसा आल्या. मी हाय तेवढीच राहिले. पावसाळ्यात पोटात गुडघाभर पाणी, आन् बारा महिने अंगावर क्लासच्या जाहिराती.

वस्तीच्या पुढं रेल्वे, बाजूनं कालवा, आन् मागं एका कारखान्याची भिंत. बाहेर पडायच्या वाटा दोनच. एक मी, दुसरा कालव्याचा पूल. भिंतीपल्याडच्या टाक्यांत काय असतं ते मला ठाऊक न्हाई, पण एखाद्या दिवशी वारा फिरला की माझ्या दगडांना सुद्धा मळमळतं.

कारखान्याच्या साहेबानं सांगून ठेवलेलं, भोंगा वाजला की वीस मिनिटांत वस्ती रिकामी पाहिजे. पायी पळणाऱ्याला वारा गाठतो, गाडीवरच निघा.

हे मनावर घेतलं एकट्या दबोराबाईंनी. मिशनच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आता रिटायर. संध्याकाळी माझ्या पायरीवर बसून माझ्याशी बोलतात. वरनं गाडी गेली की माझ्या पोटात घुमतं, तोच माझा आवाज. बाईंना तो कळतो. लोक म्हणतात, बाई भिंतीशी बोलतात. बोलू देत!

कारखान्यानं भोंगा वाजवून वस्ती रिकामी करायचा सराव घेतला, त्या दिवशी बाईंनी घड्याळ लावून गाड्या मोजल्या. मग खडूनं माझ्या भिंतीवर मांडलं.

"हे बघ," मला म्हणाल्या, "इकडं वस्ती, तिकडं हायवे. दोघांना तोडायचं तर कुठं कुठं आडवं पडावं लागंल? चारी गल्ल्या अडवल्या, तर मिनिटाला दहा-दहा धरून चाळीस गाड्या अडल्या. हायवेवर चढायची जागा अडवली, तर साठ. आन् तू नि कालव्याचा पूल अडवला, तर बारा आन् आठ, वीसच. सगळ्यात हलकी तोड ही. म्हंजी मिनिटाला विसाच्या वर गाडी बाहेर पडूच शकत न्हाई. आन् सरावात मी मोजल्या, वीस पडल्या. दोन्ही आकडे जुळले. आता यात वाढवायला काय उरलं न्हाई."

वस्तीत गाड्या चारशे. वीस मिनिटं, मिनिटाला वीस. बरोब्बर. एकीचीही सवलत न्हाई.

आन् तेवढ्यात वस्तीच्या पुढाऱ्यानं, सोपानरावांनी, कमान बांधायला काढली. वडील, म्हाळूआप्पा, वारले व्हते, त्यांच्या स्मरणार्थ. जागा निवडली कालव्याच्या पुलाचं तोंड. दोन्ही खांब रस्त्यातच आले. जिथनं दोन गाड्या शेजारनं जायच्या, तिथनं एक जाऊ लागली, तीबी आरसे मिटून. आठाच्या झाल्या तीन.

दबोराबाई त्यांना माझ्यापाशीच भेटल्या.

"बाई, हायवे केवढा रुंद झालाय. मी चारी गल्ल्या सिमेंटच्या करून दिल्या. आप्पांचं नाव तेवढं डोळ्यात आलं व्हय?"

"पोतं केवढंबी मोठं असू द्या सोपानराव, धान्य तोंडातनंच पडतं."

"पोत्याला दोन तोंडं हायत की!"

"एक तुम्ही बांधलंत."

सोपानराव हसले, गाडीला किक मारली आन् गेले.

आन् मी? मी खूश! कमान टाळून समदे माझ्याकडं येऊ लागले, सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढं रांग. वाटलं, उतारवयात का हुईना, मागणी आली. रांगेला मी मान समजले. रांग वाढली तरी माझ्यातनं जात व्हत्या मिनिटाला बाराच, हे डोक्यात शिरलं न्हाई. डोकं दगडाचंच.

मग एका मंगळवारी दुपारी भोंगा वाजला. सराव नव्हता.

चारशे गाड्या एकदम सुटल्या. गल्ल्यांतनं भसाभस आल्या आन् दोन तोंडांशी तटल्या. हॉर्न, रडणं, "ए पुढं घे की!" कुणी कुराणातलं, कुणी बायबलमधलं म्हणत व्हतं, कुणी खंडोबाचं नाव घेत व्हतं. बाई माझ्या तोंडाशी उभ्या, हातात घड्याळ, ओठ पांढरे. मी श्वास धरला. एक टेम्पो माझ्यात बंद पडला तर बाराचं शून्य! मला भिंती मागं सारता येईनात. आयुष्यात एवढी अरुंद मी कधीच नव्हते.

बारा आन् तीन, पंधरा. वीस मिनिटांत तीनशे. शंभर गाड्या आतच.

विसाव्या मिनिटाला भोंगा थांबला. गळती आवरली व्हती. वारा भिंतीच्या आतच राहिला. पण त्या शंभर गाड्यांतली एक कमानीच्या खाली अडकलेली. तिच्यात सोपानरावांची आई, धुरपदाआजी, तोंडाला पदर लावून बसलेली.

सोपानराव हायवेकडनं उलटे पळत आले. आजीनं पदर काढला.

"सोपान, तुझ्या बापाच्या नावाखाली बसून मी त्याच्याकडंच निघाले व्हते. पाड ती."

दुसऱ्या दिवशी कमान पाडली. म्हाळूआप्पांचं नाव आता पुलाच्या कडंला दगडावर हाय, रस्त्याच्या बाहेर.

तवापासनं मी झोपत न्हाई. मालगाडी लांबनं वाजली तरी मला भोंगा वाटतो. बाया-बापड्यांनो, एकच मागणं हाय. माझ्या तोंडाशी गाडी लावून मोबाइलवर बोलू नका. मी फार अरुंद हाय, आन् मला ते आता ठाऊक झालंय.

काल सोपानरावांची नवी पिकअप आली. झेंडूचा हार, नारळ, पेढे. माझ्यापाशी थांबून बाईंनाबी पेढा दिला. वरनं गाडी गेली तसं मी घुमून म्हणाले, "बाई, कमान गेली, आता तरी भ्यायचं कारण न्हाई ना?"

बाईंनी पेढा तोंडात टाकला, खडू काढला, भिंतीवरचा चारशेचा आकडा पुसला.

"चारशे एक," म्हणाल्या.