सरकारी घोड्याची लेक

वेंडेल स्कॉगिन्सला घोड्यातलं सगळं कळतं, असं त्या मुलखात सगळेच म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः वेंडेल स्वतः. त्याची धाकटी बहीण लिओटा हे लहानपणापासून ऐकत आली होती, आणि तिचा त्यावर कधीच विश्वास बसला नव्हता.

पश्चिम टेक्सासात तेव्हा, पाव मैल वाऱ्यासारखं धावणाऱ्या क्वार्टर घोड्यांच्या वंशाची नोंद ठेवणारी नवी संस्था निघाली होती, आणि वेंडेल तिचा तपासनीस झाला होता. तो गाडी घेऊन रँचोरँची फिरे, घोडा उन्हात उभा करायला लावी, त्याच्याभोवती एक चक्कर मारी आणि निकाल देई. त्याला बुटका घोडा लागे. छाती पिंपासारखी, मागून पाहिलं तर कोठाराचं दार. पाय जरा लांब दिसले, मान सडपातळ वाटली, की आत थरोब्रेडचं, शर्यतीच्या उंच जातीचं, रक्त आहे म्हणून तो जमिनीवर थुंके. थरोब्रेड म्हणजे पूर्वेकडच्या श्रीमंतांची खेळणी. ब्लँकेट पांघरून झोपायचं आणि वारं लागलं की शिंकायचं. त्याच्या लाडक्या जातीच्या मुळाशीही जुन्या काळचे थरोब्रेडच होते, हे त्याच्या बापाने त्याला अनेकदा सांगितलं होतं. पण न आवडलेली गोष्ट वेंडेलच्या कानात शिरत नसे.

लिओटाच्या नवऱ्याने, एमोस हार्गिसने, नेमकं हेच पाप केलं होतं. घोडदळाला चांगली जनावरं मिळावीत म्हणून लष्कर आपले थरोब्रेड घोडे पैदाशीसाठी रँचवाल्यांकडे ठेवत असे. तसा एक उंच, तांबडा घोडा शेजारच्या रँचवर होता. एमोस आपली कामाची घोडी त्याच्याकडे घेऊन गेला. आपले घोडे उसळी छान मारतात, पण आपली कुरणं लांबच लांब आहेत, तिथे दमही हवा, एवढंच तो म्हणाला. एमोस कधी फार बोलायचा नाही. त्या घोडीला झाली ती जूनबग. तिच्या पाठीवर नीट खोगीर चढायच्या आतच एमोस न्यूमोनियाने गेला.

दफन आटोपून माणसं घरी जेवायला आली. वेंडेल पीच-पाय या गोड पदार्थाची बशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "एमोस माणूस भला," तो चारचौघांना म्हणाला, "पण घोड्यात त्याला काही कळत नव्हतं. जाता जाता माझ्या बहिणीच्या गळ्यात ही सरकारी करकोची बांधून गेला." दोघेतिघे हसले. लिओटा त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. ती घासतच राहिली.

तरीही पुढे तिने जूनबगला तपासणीसाठी उभं केलं. नोंद व्हावी ही एमोसची इच्छा होती. वेंडेलने चक्करसुद्धा पुरी मारली नाही. शेजारपाजारचे कुंपणावर बसले होते, त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "हिला हॅट घालून चहाला बोलवा. गुरांमागे नेऊ नका."

लिओटाने घोडी सोडली आणि खोगीर घालून कामाला लावली. त्या दिवसापासून भाऊ काही बोलू लागला की ती त्याच्या टोपीच्या वर कुठेतरी बघे.

पुढच्या शरदात दोघांची गुरं एकत्र गोळा करायची होती. दुपारी वारा सुटला आणि पश्चिमेकडे धूर दिसला. गवत तर कागदासारखं वाळलेलं. लांबच्या कुरणात गाई-वासरं तारेच्या कुंपणापाशी होती, आणि तिथलं फाटक बंद होतं. वेंडेलने टाच मारली. त्याचा घोडा डीकन, त्याच्या सगळ्या मतांचा चार पायांचा पुरावा, बंदुकीतून सुटल्यासारखा निघाला. त्याचा तो वेग लिओटालाही नाकारता आला नसता. काही क्षण तिला नुसती धूळच दिसत होती.

मग धूळ विरळ झाली. चढावर डीकन लडखडत चालत होता. तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. वेंडेल त्याला रिकिबीने मारत होता. जूनबग एका लयीत बाजूने पुढे गेली. वेंडेल मागून ओरडला की घोडी मारशील, थांब. लिओटाने मागे पाहिलं नाही.

फाटकापाशी ती पोचली तेव्हा धुराने गाई दिसत नव्हत्या, फक्त हंबरडे ऐकू येत होते. साखळी तापली होती. तिने ती हातमोज्याने ओढून काढली, फाटक ढकललं आणि घोडी गाईंच्या मागे घातली. जूनबगचे कान मागे गेले, सर्वांगाला कापरं भरलं, पण ती माघारी वळली नाही. गाई बाहेर पडल्या. काही वासरं बाहेर पडली नाहीत. ती लिओटाला पुढेही स्वप्नात दिसत.

संध्याकाळी वेंडेल लोकांना सांगत होता की आम्ही फाटक उघडलं. डीकनने वाट दाखवली, म्हणून घोडी गेली. लिओटा त्याच्या शेजारी बसून जळलेल्या बोटांना लोणी लावत होती. त्याचं खोटं खोडून काढण्याइतकीही किंमत तिने त्याला दिली नाही.

वर्षं गेली. शर्यतींमध्ये आणि मेळ्यांमध्ये लांब पायांचे मिश्र रक्ताचे घोडे जिंकू लागले, तसे संस्थेचे नियमही सैल झाले. वेंडेलची मतं तर एका हिवाळ्यात पार पालटली. त्याने स्वतःच एक थरोब्रेड घोडा आणला आणि भेटेल त्याला रक्त ताजं करण्याचं महत्त्व समजावू लागला. एका सकाळी तो संस्थेच्या एका वयस्कर गृहस्थाला, मिस्टर ट्रूइटना, घेऊन लिओटाच्या अंगणात उतरला. जूनबग आता म्हातारी झाली होती. पाठ खाली बसली होती, डोळ्यांवर खड्डे पडले होते.

"बघा," वेंडेल म्हणाला, "असली घोडी या भागात दुसरी नाही. हे मी तेव्हाच ओळखलं होतं."

"तेव्हा तू एमोसबद्दल काय म्हणाला होतास?" लिओटाने विचारलं.

"एमोसबद्दल? कधी?"

"त्याला पुरलं त्या दिवशी. माझ्या स्वयंपाकघरात."

वेंडेलने मनापासून आठवून पाहिलं. तो सोंग करत नव्हता, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्याला खरोखर आठवत नव्हतं. ते वाक्य तिने एवढी वर्षं पोटात निखाऱ्यासारखं बाळगलं होतं, आणि या माणसाने ते त्या पीच-पायबरोबर गिळून टाकलं होतं. आतापर्यंत तिला त्याचा राग येत असे. आता तेवढीही त्याची लायकी उरली नाही.

"काहीतरी चांगलंच म्हणालो असेन," तो म्हणाला. "एमोस माझा लाडका होता. बरं, हिची नोंद करून टाकू. आणि हिची ती तरणी मुलगी माझ्या नव्या घोड्याला दे."

मुलगी मिळणार नाही, हे तिने त्याला सांगितलं. नोंदीला मात्र ती तयार झाली. मिस्टर ट्रूइटनी गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला. पैदास कुणाची, या जागी वेंडेल स्कॉगिन्स कुटुंबाचं नाव सुचवू लागला. कसंही असलं तरी घोडीची आई आपल्या बापाच्या घोड्यांच्या वंशातली होती, असं त्याचं म्हणणं.

"एमोस हार्गिस," लिओटा म्हणाली. "लिहा. आणि वेंडेल, तपासनीस म्हणून खाली सही तुझी."

"अगं, मेलेल्या माणसाचं नाव कशाला?"

"कर सही."

त्याने सही केली. मग हात झटकून तो ओसरीकडे बघू लागला. चुलीवर कॉफी उकळत होती, तिचा वास अंगणापर्यंत येत होता. त्या मुलखात दारी आलेल्या परक्या वाटसरूलाही कॉफी न विचारता कुणी परत पाठवत नसे.

लिओटाने विचारलं नाही. ती घोडीचा दोर धरून तिथेच उभी राहिली. मिस्टर ट्रूइटच्या ते लक्षात आलं. त्यांनी टोपीला हात लावला आणि गुपचूप गाडीत जाऊन बसले. वेंडेल मात्र गाडी वळेपर्यंत खिडकीतून सांगतच होता, की अशा घोडीला दाण्यात काय काय मिसळून द्यावं.