इस्तारीच्या खात्यावरचे शून्य

मित्रांनो, लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर मी आडवी पडून असते. माझा लाल कापडी पुठ्ठा विटला आहे. एका कोपऱ्याचे चामडे उंदराने चाखून पाहिले आणि नापसंत करून सोडून दिले. या कपाटात वारा शिरत नाही. तरी डोळा लागला की मला पानांची सळसळ ऐकू येते. पूर्वी वाटायचे, ती माझ्याच पानांची असेल. पुढे ध्यानात आले की ती मी वही होण्याच्या आधीची आहे.

तेव्हा मी बांबू होतो. आलापल्लीकडच्या जंगलात, एका नाल्याच्या काठी, चाळीसेक भावंडांच्या बेटात उभा होतो. सकाळी नाल्यातून धुके वर चढे आणि आमचे पाय दिसेनासे होत. आपण सगळे हवेत तरंगत आहोत असे वाटे. मला वाटे, जग एवढेच आहे.

१९५१ सालच्या हिवाळ्यात कोयता घेऊन एक माणूस आला. त्याचे नाव इस्तारी. तो मूळचा जंगलातला नव्हता. सावली या गावाजवळच्या एका खेड्याचा, वैनगंगेवर मासे धरणारा ढिवर होता. आदल्या वर्षीच्या पुरात त्याचा डोंगा वाहून गेला, म्हणून तो बांबूतोडीला आला होता. त्याने माझ्यावर तळहात ठेवला, वर शेंड्यापर्यंत पाहिले आणि म्हणाला, “लय सरळ हायेस रे. डोंग्याची काठी चांगली झाली असती तुही. पन डोंगाच नाई माह्यापाशी.”

मग त्याने कोयता चालवला. मला त्याचा राग आला नाही. मला फक्त ती काठी होण्याची फार इच्छा झाली.

बैलगाडीतून आणि पुढे आगगाडीतून मी नदीकाठच्या एका कागद गिरणीत पोहोचलो. तिथे माझे तुकडे झाले, ते खाराच्या पाण्यात शिजले, धुतले गेले. त्या दिवसांतले मला फार आठवत नाही. एक लांब, ऊबदार झोप होती एवढेच. जाग आली तेव्हा मी पांढरा, सपाट कागद झालो होतो. मला शिवून, पुठ्ठा चढवून वही केले, आणि त्या दिवसापासून मी ‘ती’ झाले.

मी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची खातेवही आहे. नाव मोठे आहे, घाबरू नका. गिरणीत सगळे त्याला नुसते ‘फंड’ म्हणत. कामगाराच्या पगारातून रुपयामागे एक आणा कापायचा, गिरणीने त्यात आपला एक आणा घालायचा, आणि माणूस म्हातारा होऊन घरी निघाला की दोन्ही आणे व्याजासकट त्याच्या हाती द्यायचे. माझ्यात प्रत्येकाचे एक पान होते. सदतिसाव्या पानावर नाव लिहिले गेले तेव्हा मी दचकले. इस्तारी! जंगलातली तोड संपल्यावर तो गिरणीच्या बांबू-आवारात कामाला लागला होता. ज्या हाताने मला तोडले, त्याच हाताचा अंगठा आता माझ्यावर उमटला.

त्याची जन्मतारीख त्याला ठाऊक नव्हती. गिरणीच्या डॉक्टरने दात पाहून ठरवले की १९५८च्या उन्हाळ्यात याची पंचावन्न वर्षे पूर्ण होतील. पंचावन्नला कामगार निवृत्त होई. आवारातला त्याचा सोबती मुखरू त्याला चिडवी, “बैलाचेच दात पाह्यते म्हणू आपन. तुहेबी पाह्यले का रे?”

हिशेब लिहिणारे गुणवंतराव चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधून वापरत आणि आकडे असे काढत की जणू तांदूळ निवडून मांडत आहेत. जमलेले आणे ते पेटीत ठेवत नसत. त्यांचे सरकारी रोखे घेत. रोखा म्हणजे सरकारला उसने दिल्याचा कागद. सरकार दरसाल व्याज देते आणि मुदत संपली की ठरलेले पूर्ण शंभर रुपये परत करते. गुणवंतराव रोखे विचार करून निवडत. काही लवकर मुदत संपणारे, काही उशिरा. म्हणजे दरवर्षी जेवढी माणसे घरी जाणार, तेवढ्यांचे पैसे त्या वर्षी मोकळे व्हावेत.

पाच वर्षे मी सुखाने भरत गेले. अंगावर आकडे पडत होते आणि मी बांबूच्या बेटाची स्वप्ने पाहत होते. मला कोणी मळक्या हाताने धरत नसे. मोठे साहेब आले की गुणवंतराव मला पुढे करत आणि साहेब म्हणत, “सुंदर वही!” मला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

१९५७ साली बाजारात रोख्यांचे भाव उतरले. शंभराचा रोखा तेव्हा विकायला नेला, तर नव्वदच्या आसपास मिळत. हिशेब तपासणाऱ्यांनी सांगितले, खरेदीच्या किमतीशेजारी बाजारभावाचाही रकाना काढा. गुणवंतरावांनी तो काढला. एका रकान्यात चौऱ्याऐंशी हजार, शेजारच्यात शहात्तर हजार चारशे. दोन्ही आकडे अचूक होते. पण पानाच्या तळाशी एक ओळ रिकामीच राहिली. कोणता रकाना कोणत्या मापाने मोजला, ते तिथे लिहायला हवे होते. पाच वर्षे एकच माप होते, म्हणून गुणवंतरावांच्या हाताला त्या ओळीची सवयच नव्हती. मला ती ओळ टोचत होती, मित्रांनो, पण वहीला बोलता येत नाही.

कामगारांच्या बाजूने फंडावर नेमलेला देवाजी मला पाहायला आला. तो प्रौढ वर्गात अक्षरे शिकला होता आणि बोट ठेवून वाचत असे. त्याने मागच्या वर्षीची बेरीज पाहिली, ऐंशी हजार दोनशे. यंदाच्या पानावर त्याचे बोट अगदी कडेच्या रकान्यावर थांबले, शहात्तर हजार चारशे. वर्षभर सगळ्यांनी आणे घातले आणि आकडा खाली! तो प्रामाणिक माणूस होता. तसाच आवारात गेला आणि म्हणाला, “भाऊ हो, फंड बुडून राह्यला. कडेच्या रकान्यात मागच्या सालापेक्षा कमी हाय!”

काम सोडले तरच फंड आधी हाती येई, म्हणून दुसऱ्या दिवशी काम सोडण्याचे अकरा अर्ज टेबलावर आले. पहिला इस्तारीचा होता.

तो स्वतः समोर उभा होता. त्याची बायको भागीरथा उंबऱ्यापाशी बसली होती. देवाजी भिंतीला टेकून उभा होता, आणि मुखरू दारातून डोकावत होता.

“साहेब, माहा हिशोब करून द्या,” इस्तारी म्हणाला. “पाच साल आणा आणा घातला. आता फंडाले भोक पडलं म्हणते.”

गुणवंतराव म्हणाले, “इस्तारी, अकरा महिने थांब. आज तुझ्या नावावर साडेचारशे आहेत. मुदतीआधी सोडलंस तर गिरणीच्या वाट्यातला निम्मा कापला जाईल, नियमच आहे. हाती येतील जेमतेम तीनशे चाळीस. थांबलास तर साडेपाचशे.”

इस्तारीने बोटांवर मोजले. सावलीच्या सुताराने डोंग्याचे आणि जाळ्याचे मिळून पाचशे सांगितले होते, हे आवारात सगळ्यांना माहीत होते. तीनशे चाळिसात डोंगा येत नव्हता. तरी तो म्हणाला, “अकरा महिन्यांत सप्पाच बुडलं तं? एक डोंगा पान्यात गेला माहा. हा दुसरा कागदातच जाऊन राह्यला.”

“डॉक्टरले दात दाखव न भाऊ!” मुखरू दारातून ओरडला. “एखादा पडला असन तं आजच पंचावन्न भरते!”

कोणी हसले नाही. गुणवंतरावांनी अर्ज हातात घेतला. माझी पाने आवळून आली.

तेवढ्यात भागीरथा म्हणाली, “देवाजीभाऊ, तुमी म्हणता तो कडेचा रकाना मागच्या साली होता का?”

“नव्हता बाई. यंदाच नवा काढला.”

“मंग मागच्या साली तुमी शीग लावून मोजलं, अन् यंदा घासून मोजलं. कमीच भरन, नाई तं काय?”

मित्रांनो, ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगते. धानकापणीची मजुरी त्या भागात धानातच देत. पायली नावाचे माप भरून देत. वर ढीग होईपर्यंत भरले तर ती शीग, आणि हाताने काठापर्यंत सपाट केले तर ती घासलेली पायली. एकच पायली, पण दोन्हींत ओंजळभर फरक. भागीरथा कितीतरी वर्षे मजुरीला जात होती. मापाला हात लागण्याआधी ती मोठ्याने विचारी, “शीग का घासून?” उत्तर मिळाल्याशिवाय पदर पसरत नसे. तिला अक्षर येत नव्हते. पण आपल्या दारी दोन मापे आली आहेत, हे तिने ऐकूनच ओळखले.

गुणवंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 

“बाई, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मी दोन्ही मापं लिहिली. कोणतं कोणतं, ते लिहिलंच नाही.”

देवाजीचा चेहरा उतरला. पण इस्तारीचे समाधान झाले नव्हते. “साहेब, घासून जे भरलं, ते खोटं हाय का?”

“खोटं नाही. आज सगळे रोखे बाजारात नेले, तर तेवढेच येतील.”

“मंग?”

गुणवंतराव भागीरथेकडे वळले. “बाई, उशिरा पिकणारं भारी धान शेतात हिरवं उभं आहे. आजच कोणी विकत मागितलं, तर काय भाव देईल?”

“तनसाचा भाव देईन, नुसत्या काडीचा! दाना कुठी भरला हाय त्यात?”

“तेच. मुदत संपली की हे रोखे भरतात, शंभराचे पूर्ण शंभर मिळतात. सरकार देईल असा माझा भरवसा आहे, म्हणून मी ते खरेदीच्या किमतीनं मांडतो. पुढच्या उन्हाळ्यात ज्यांची मुदत संपते, त्यांतून तुझे पैसे द्यायचे ठरले आहेत, इस्तारी. ते हलकं धान, आधी पिकणारं. पण आज अकरा जणांनी एकदम मागितले, तर मला हिरवं कापावं लागेल. त्यात जे जाईल, ते मागं राहणाऱ्यांचं जाईल.”

 इस्तारीने सदतिसाव्या पानावर तळहात ठेवला, अगदी नाल्याकाठी ठेवला होता तसाच. मला वाटले, त्याने मला ओळखले.

“आधी ते खाली लिवा साहेब,” तो म्हणाला. “मंग मी माहा अर्ज वापस घेतो.”

गुणवंतरावांनी दौत उघडली. ज्या पानावर रोखे मांडले होते, त्याच्या रिकाम्या ओळीत त्यांनी लिहिले: ‘रोखे खरेदीच्या किमतीने मांडले आहेत. मागील वर्षीही हेच माप होते. शेजारचा बाजारभाव माहितीसाठी आहे. मुदतीआधी रोखे विकण्याचा विचार नाही.’

शाई वाळेपर्यंतही देवाजी थांबला नाही. “बुडलं म्हणून मीच सांगतलं होतं, आता मीच वाचून दाखवतो,” म्हणत त्याने मला उचलले आणि थेट आवारात नेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी तेवढी एकदाच बाहेर गेले. त्याने मला बांबूच्या एका थप्पीवर उघडून ठेवले. खाली माझी भावंडे होती, जंगलातून नुकतीच आलेली. त्यांच्या सालीला ओल्या पाल्याचा वास होता. वर देवाजी बोट ठेवून एकेक शब्द वाचत होता, भोवती माणसे उभी होती, आणि मला धुके दिसत होते. पाय दिसेनासे झाले होते. मी तरंगत होते.

नऊ जणांनी अर्ज मागे घेतले, इस्तारी दहावा. अकराव्याने, वारलूने, ऐकले नाही. त्याचा त्या कागदांवर विश्वास बसला नाही आणि तो कमी पैसे घेऊन गावी गेला. त्याचे पान उघडले की अजून मला वाईट वाटते. ती ओळ महिनाभर आधी लिहिली असती तर तो राहिला असता.

१९५८च्या उन्हाळ्यात काही रोख्यांची मुदत संपली. शंभराचे पूर्ण शंभर आले. इस्तारीने पाचशे बावन्न रुपये मोजून घेतले आणि सदतिसाव्या पानावर शेवटचा अंगठा दिला. त्याखाली गुणवंतरावांनी एक शून्य काढले आणि तांबड्या शाईच्या दोन रेघा ओढल्या.

“हे गोल कायचं?” भागीरथेने विचारले.

“शून्य. आता इथं तुमचं काही उरलं नाही, बाई.”

“काईच नाई?” ती जरा हिरमुसली. इतक्या वर्षांत त्या पानाची तिला सवय झाली होती.

“अवो, डोंगा इथी कायले राहीन?” इस्तारी हसून म्हणाला. “तो पान्यात जाते आता!”

पुढे माझी जागा नव्या वहीने घेतली. तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मापाची ओळ पहिल्या दिवसापासून आहे. माझ्याकडे आता कोणी येत नाही. वर्षातून एकदा धूळ झटकायला कोणी येते, तेही घाईत.

मित्रांनो, म्हातारीचे एक ऐका. आकडा लिहाल तेव्हा कोणत्या मापाने मोजला, तेही त्याच्याजवळ लिहा. आकडा दाखवणाऱ्याला भागीरथेसारखे मोठ्याने विचारा, शीग का घासून? आणि जुन्या वह्या रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. त्यांतल्या शून्यांना घाबरू नका. माझ्या सदतिसाव्या पानावरचे शून्य रिकामे नाही. डोळा लागला की ते पानावरून सुटते आणि वैनगंगेवर जाऊन डोंगा होते. पहाटेच्या धुक्यात इस्तारी त्यात उभा असतो, भागीरथा जाळे सोडवत बसलेली असते. त्याच्या हातात एक लांब, सरळ काठी असते. ती तळाला टेकते, डोंगा हलतो, आणि मी पुढे सरकतो.