खाणीचं अस्तर

भरत मुकादमाने छपरावरच्या काळ्या प्लास्टिकच्या कागदाचं एक टोक ओढलं, तसं मंगळीने दुसरं घट्ट धरलं.

“सोड गो. उद्या सरकारी साहेब येतोय खाण बघायला. एका दिवसाचा तर सवाल हाय, परत आणून देतो.”

गेल्या पावसाळ्याआधी हाच मुकादम टेम्पोभर जाड प्लास्टिक घेऊन पाड्यावर आला होता. डोळखांबच्या डोंगरात फुकट कोण काय देतं? पण याने घरटी तुकडा वाटला. बायकांनी त्याला ओवाळलं, मंगळीने घरातला एकुलता एक कोंबडा कापला.

“खाणीत कशाला लागतोय छपराचा कागद?”

“खाण बंद करायची म्हंजे तळाला हा अंथरतात. त्याच्यावर कारखान्याचा गाळ, मग माती, मग झाडं. कागद असला की गाळाचं पाणी खाली झिरपत नाय.”

तो सहज बोलून गेला. गाळ तर दिवाळीतच भरून झाला होता. होळीपासून खाणीखालच्या झऱ्याला वास येत होता आणि मंगळीच्या नातीचं अंग फोडांनी भरलं होतं. देवीचा कोप म्हणून पाड्याने दोनदा नारळ फोडला होता. देवी बिचारी फुकटची बदनाम झाली!

“आमच्या पाण्याचा कागद तू आमच्याच डोक्यावर घातलास रे?”

“भिजत होतात तवा बरा गोड लागला!”

मंगळीने अशी बोंब ठोकली की दारोदार बायका बाहेर आल्या. मुकादम हात हलवत परत गेला.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या काठावर मुकादमाने मातीत पुरलेली तसल्याच कागदाची नवीकोरी पट्टी जरा वर काढून दाखवली. साहेबाने समाधानाने मान डोलावली आणि सही करायला खिशातलं पेन काढलं.

“साहेब, तिथं काय बघता?” मंगळी पुढे झाली. “तिकडं बघा.”

समोरच्या उतारावर पाड्याची सगळी छपरं काळी चकाकत होती.

“चोरलाय यांनी!” मुकादम ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा!

“चोरलाय तर घेऊन जा,” ती म्हणाली. “पन आधी गाळ उपस. मग तळाला घाल, आमच्यादेखत.”

साहेब पेन हातात धरून छपरांकडे बघत राहिला. मृग आठवड्यावर आला होता. तरी घरून निघतानाच मंगळीने भांडी आणि नातीची गोधडी अंगणात काढली होती, आणि छपरावरच्या कागदाच्या दोऱ्या सोडून ठेवल्या होत्या.