रेघेचा दगड

धाकट्या न्हाव्याचं डोकं इतकं तापलं होतं, की दाढीचं पाणी त्यावर उकळलं असतं. वस्तऱ्याला धार लावायला त्याने जपानी खाणीतला एक दगड निवडला होता. दिसायला मळकट, पण नख फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. त्यावर लावलेल्या धारेने म्हणे उडती माशी चिरली, तरी दोन्ही अर्धुकं भुणभुणतच राहिली. थोरल्या भावाने तो दगड परस्पर दुकानात परत केला आणि काळ्या रेघेचा, देखणा दगड घेऊन आला.

“दादा, या रेघेत नख अडतंय. धारेला खाचा पडतील, गिऱ्हाइकं पळतील.”

“तुला काय कळतंय? गिऱ्हाइकाला देखणं लागतं.”

“बरं. मग पहिलं गिऱ्हाईक तू. बस खुर्चीत.”

धाकट्याने त्याच दगडावर वस्तरा घासला, थोरल्याला फेस लावला आणि गालावरून एकच हात फिरवला. थोरला खुर्चीसकट उडाला. आरशात पाहतो तर गालावर बारीक लाल रेघ.

“देखणी आली की नाही? आता ऊठ, माझा दगड परत आण.”

“तोंड तरी पुसू दे.”

“नको. हा दगड का परत आला, ते दुकानदारालाही दिसू दे.”