नदीपलीकडून आलेली आत्या

शांतम्मा आत्या गेली तेव्हा मी माहेरीच, सोनपेठला होते. हिवतापानं तिला पार वाळवून टाकलं होतं. ती अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. आई मला कळायच्या आधीच गेलेली. त्यामुळं न्हाऊ घालणारी, रागावणारी, कुशीत घेऊन झोपणारी ती आत्याच.

तिचं सासर गोदावरीपलीकडं, ताडकळसला. नवरा शिवरुद्र भुसार मालाचा व्यापारी. हात उचलायचा. आत्या दोनदा माहेरी पळून आली आणि दोन्ही वेळा अप्पांनी तिला बैलगाडीत बसवून माघारी नेऊन घातली. तिसऱ्यांदा ती आली ती भर श्रावणात. नदी दुथडी भरलेली, नाव बंद. काठावरच्या भोयाकडून तिनं वाळल्या भोपळ्यांची सांगड मागून घेतली, पोटाशी बांधली आणि सरळ पाण्यात शिरली. ओल्या लुगड्यानं दारात उभी राहून अप्पांना म्हणाली, "दादा, आता घालवायचं असंल तर त्याच पाण्यात नेऊन घाल."

अप्पांनी पुन्हा सासरचं नाव काढलं नाही. आत्यानं मंगळसूत्र काढून ठेवलं आणि कपाळाला तेवढी विभूती ठेवली. तिकडं शिवरुद्रनं दुसरं लग्न केलं.

मला पोहायला तिनंच शिकवलं. गावातल्या बायका नावं ठेवायच्या. शेजारच्या धुरपताबाईंनी तर तोंडावरच विचारलं, "अगं, पोरीच्या जातीला पोहून काय करायचंय?"

"तिचं लगीन कुठंबी होऊ दे," आत्या म्हणाली. "माघारी यायचं म्हणलं तर तिला नावेची वाट बघावी लागू नये."

ती अंथरुणाला खिळली तेव्हा अप्पांनी मला न सांगता ताडकळसला खबर धाडली. शिवरुद्र आला त्या वेळी मी आत्याला पेज पाजत होते. तो म्हातारा झालेला, वाकलेला. टोपी हातात धरून उंबऱ्यातच थांबला.

आत्यानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "हे कोण आलेत?"

"शांते, मालक आलेत तुझे," अप्पा म्हणाले.

"मी न्हाई वळखत." तिनं मान फिरवली आणि मला म्हणाली, "महानंदा, पेजेत मीठ कमी पडलंय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

आम्हा लिंगायतांत मयताला बसवून, विभूती लावून, हातात लिंग देऊन समाधी देतात. धुरपताबाईंनी आणि मी तिला न्हाऊ घालून बसवलं. एवढ्यात अप्पा आत आले. हातात हिरवं लुगडं, चुडा आणि तेच जुनं मंगळसूत्र.

"हे घाला तिला. माझी बहीण सवाष्ण गेली."

"अप्पा, तिनं स्वतःच्या हातानं काढलंय ते."

"काय बोलायलीस तू? बाहेर सगळा समाज बसलाय. मालक दारात हायेत. तापात होती ती, माणूस वळखायची शुद्ध न्हवती तिला."

"पेजेतलं मीठ कळलं, माणूस कळला न्हाई?"

अप्पांनी माझ्यावर हात उचलला. मारला नाही, पण उचलला. जन्मात पहिल्यांदा. धुरपताबाई मधे आल्या.

शिवरुद्र दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. खाली बघत अप्पांना म्हणाला, "गुरुपादअप्पा, राहू द्या. वळखलं तिनं मला. चांगलं वळखलं." आणि समाधीला न थांबता तो निघून गेला.

अप्पांनी ते लुगडं तिथंच टाकलं. आत्याला आम्ही तिच्या नेहमीच्या पांढऱ्या लुगड्यात नेलं. सवाष्ण म्हणावं की काय म्हणावं, यावरून सोनपेठेत लय दिवस बायका कुजबुजत राहिल्या. अप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी सासरी आले; दिवाळीला बोलावणं आलं नाही. काम करता करता मनात यायचं, मी तिच्या मनासारखं केलं की माझा राग तिच्या नावावर काढला? विचारावं असं एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं.

निजामाच्या अंमलातली ती शेवटची शांत वर्षं. पुढच्या आषाढात अप्पा अचानक माझ्या सासरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, "मला वाटलं, तो एकदा आला, चुडा भरला, म्हंजे मिटलं. गाडीत बसवून मीच नेलं होतं ना तिला."

मला त्यांची कीव आली. तरी तोंडातून निघून गेलं, "अप्पा, मी अशी आले असते तर? मलाबी नेऊन घातलं असतं?"

ते उठले, जोडे घातले. "पंचमीला ये," एवढंच म्हणाले.

मी पंचमीला गेले. अप्पांनी स्वतः बाजारातून माझ्यासाठी बांगड्या आणल्या, जवळ बसवून जेवू घातलं. जबाब मात्र दिला नाही, आणि मीही परत विचारलं नाही.